आधी पार्ट, मग कपडेपट: सेकंड लाइफमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सेकंड लाइफ या संगणकावरच्या आभासी जगात पहिल्या दिवशी मी उजव्या हाताला चिकटलेला भलामोठा खोका घेऊन दीड तास फिरलो. खोक्यावर नावाड्याच्या कपड्यांचा झकास फोटो, अंगात मात्र सुरुवातीला मिळालेला फुकटचा टी-शर्ट. मला वाटलं नेट स्लो आहे, कपडे येतील थोड्या वेळानं. शेवटी एका अनोळखी बाईनं मेसेज टाकला, "तुमचे कपडे अजून त्या खोक्यातच आहेत. खोक्यावर क्लिक करा."

तोवर माझे साडेतीनशे लिंडन (तिथलं चलन) खर्च झाले होते, आणि ते कपडे माझ्या अंगाच्या मापाचे नव्हतेच, हे अजून कळायचं होतं.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी सेकंड लाइफमध्ये असतो. दुकानात बसणाऱ्या दोन-चार पोरांनी स्क्रीनवर डोकावून पाहिलं, "भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही?" असं विचारलं, आणि मग आपापल्या घरी जाऊन मी केल्या त्याच चुका केल्या. म्हणून हे लिहायला घेतलं.

सेकंड लाइफ हे अमेरिकेतल्या लिंडन लॅब या कंपनीनं २३ जून २००३ ला खुलं केलेलं आभासी जग आहे. यात जिंकणं-हरणं नाही, लेव्हल नाही. घरं, झाडं, कपडे, बोटी, जवळजवळ सगळं तिथे राहणाऱ्यांनीच बनवलेलं आणि तेच एकमेकांना विकतात. त्यातल्या कितीतरी वस्त्यांत लोक ठरलेल्या काळातली, ठरलेल्या कथेतली पात्रं होऊन वावरतात. त्याला रोलप्ले म्हणतात. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हे समजावून सांगायची गरज पडू नये. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक असतं, वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत फिरत असतात. झाडीपट्टी नाटकातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या चौकात स्वतःच्या घरचं लग्न असल्यासारखे पेढे वाटले होते. दिवसा मंडईत खरेदी आणि रात्री नाटक, हेच दोन्ही सेकंड लाइफमध्ये आहे. फक्त नवखा माणूस क्रम उलटा लावतो. आमचे मोठेबाबा गावच्या नाटक मंडळात वीस वर्षं काम करत होते. ते सांगायचे, "आधी पार्ट भेटू दे, मंग कपडे पाह्यजो." खालचा सगळा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

१. घरची तयारी

हे जवळ असू द्या:

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. माझा जुना, सेकंडहँड घेतलेला आहे, ८ जीबी रॅमचा. ४ जीबीवर करून पाहिलं, जीव जातो.
- चाक असलेला माउस. टचपॅडवर कॅमेरा नीट फिरवता येत नाही, आणि कॅमेरा फिरवता आला नाही तर खरेदीही नीट होत नाही.
- स्वतःचा ईमेल. मित्राचा नको, दुकानाचाही नको.
- परदेशी व्यवहार चालणारं कार्ड. पण हे सहाव्या पायरीपर्यंत खिशातच राहू द्या.
- वही आणि पेन.
- वय १८ पूर्ण. त्याखालच्यांना बराचसा भाग बंदच असतो, आणि खोटं वय टाकून गेलात तर खातं जातं.

आत जायला जे सॉफ्टवेअर लागतं त्याला व्ह्यूअर म्हणतात. कंपनीचा अधिकृत एक आहे, आणि फायरस्टॉर्म नावाचा दुसरा. रोलप्लेवाले बहुतेक फायरस्टॉर्म वापरतात. दोन्ही फुकट आहेत. ज्याच्या त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा.

आत गेल्यावर सगळ्यात आधी सेटिंग उघडा. ग्राफिक्स 'लो' करा. ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसावं ते अंतर, ६४ मीटरवर आणा. कॅशे, म्हणजे एकदा आलेली चित्रं लॅपटॉपवर साठवायची जागा, जितका मोठा ठेवता येईल तितका ठेवा. तिथलं प्रत्येक चित्र नेटवरून येतं. कॅशे मोठा असला तर तीच जागा दुसऱ्यांदा बघताना डेटा कमी लागतो. हे कळायच्या आधी दिवसाचा २ जीबीचा पॅक मी एका संध्याकाळी, एका बाजारात उभ्या उभ्या संपवला होता.

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी. एक, मे महिना. पारा ४५ वर असताना हे सॉफ्टवेअर लॅपटॉपची परीक्षा बघतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खाली पाट घ्या, मागे दोन पुस्तकांची उंची द्या. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, त्या हवेत पाणी असतं. दुसरी, लाइन. लॅपटॉपची बॅटरी चालली तरी राउटर बंद पडतो, त्यामुळे मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवा. ऐन खरेदीत लाइन गेली तर काय करायचं ते सातव्या पायरीत आहे. माझे पैसे तिथे दोनदा गेले आहेत.

२. खातं आणि नाव

खातं फुकट उघडतं. युजरनेम विचार करून घ्या. दाखवायचं नाव, म्हणजे डिस्प्ले नेम, फुकटात बदलता येतं. युजरनेम बदलायला पैसे लागतात. खरं नाव, गाव, जन्मसाल यांतलं काहीही युजरनेममध्ये नको. 'प्रिन्स', 'किंग', 'हॉट' असलंही नको. जुन्या काळच्या बंदरावर तुम्ही कोळशाचे हमाल होऊन उभे राहिलात आणि डोक्यावर 'रॉयलकिंग९९' तरंगत असलं, तर समोरच्यानं काय करावं?

३. पहिला आठवडा नुसतं फिरा

पैसे न भरता. चालणं, उडणं, बसणं, कॅमेरा फिरवणं, मेसेज पाठवणं, एका जागेहून दुसऱ्या जागी उडी मारणं (टेलिपोर्ट), जागेची खूण जपून ठेवणं (लँडमार्क), एवढं हाताला बसू द्या. आल्ट दाबून दूरच्या वस्तूवर क्लिक केलं आणि माउसचं चाक फिरवलं की उभ्या जागेवरून ती जवळ दिसते. हे जमलं की अर्धं जमलं.

नवख्यांना शिकवणाऱ्या जागा आहेत. कॅलेडन ही व्हिक्टोरियन काळाच्या कल्पनेवर २००६ मध्ये सुरू झालेली वस्ती. तिचं ऑक्सब्रिज नावाचं एक विद्यापीठच आहे, तिथे पाट्या वाचत वाचत शिकता येतं. माझी सुरुवात तिथेच झाली. इंग्रजी पाटी वाचायला वेळ लागला तरी कुणी मागून ढकलत नाही.

एक आकडा लक्षात ठेवा. तिथली जमीन 'रीजन'मध्ये मोजतात, २५६ मीटर लांब आणि २५६ मीटर रुंद. म्हणजे साधारण सोळा एकर. आणि साधं टाइप केलेलं बोलणं २० मीटरपर्यंत ऐकू जातं, कुजबुज १० मीटर, ओरडणं १०० मीटर. मला हे माहीत नव्हतं. पहिले चार दिवस मी एका चौकात उभा राहून ओरडण्याच्या बटणावर सगळ्यांना 'हॅलो' करत होतो.

४. वस्ती निवडा, मंडळी बघा

शोधखिडकीत 'रोलप्ले' टाकलं की शेकडो जागा येतात. मध्ययुगीन राज्यं, समुद्री चाचे, आजच्या काळातली शहरं, रक्तपिपासू, प्राण्यांची पात्रं, विज्ञानकथा. प्रत्येक जागेला जी, एम किंवा ए असा दर्जा असतो. ए म्हणजे प्रौढांसाठी. कुठे जाताय ते आधी वाचा. चुकून शिरलात तर टेलिपोर्ट करून बाहेर या, कुणाला उत्तर द्यायची गरज नाही.

चांगली वस्ती ओळखायची माझी पद्धत अशी:

उतरल्या जागी नियमांची नोटकार्ड, म्हणजे लिहिलेली चिठ्ठी, मिळते का? नुसते 'मजा करा' एवढेच नियम असतील तर ती वस्ती तीन महिन्यांत ओस पडते. फार लांबलचक नियम असतील तर तिथे भांडणं फार झालेली असतात. दोन-तीन पानं बरी.

बघ्यांसाठी सोय आहे का? बऱ्याच ठिकाणी 'ऑब्झर्व्हर' असा टॅग मिळतो. तो डोक्यावर लावला की लोक तुम्हाला खेळात धरत नाहीत, तुम्ही कोपऱ्यात उभे राहून बघू शकता. मंडईच्या रात्री आपण पोत्यावर बसून बघतो तसंच.

नवख्यांच्या कपड्यांचं काय? १९२०च्या दशकातलं बर्लिन शहर उभं केलेली एक वस्ती २००९ पासून आहे. तिथे त्या काळचा पोशाख लागतोच, पण नवख्यांसाठी फुकट कपडेही ठेवलेले असतात. हे मला फार आवडलं. ज्या वस्तीत दारातच 'आमच्याच दुकानातून अमुक हजारांचा पोशाख घ्या, मग आत या' असा आग्रह असतो, ती वस्ती नसून दुकानच असतं.

आणि माणसं कधी असतात? ही गोष्ट कुणी सांगत नाही. तिथलं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं असतं. त्यांच्या उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा फरक बदलतो. त्यांची दुपारी १२ची जत्रा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा किंवा दीड. त्यांचे संध्याकाळचे ७ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात किंवा साडेआठ. मी सकाळची वस्ती निवडली. दुकान दहाला उघडतं. रात्री जागून दुसऱ्या दिवशी लोकांच्या फॉर्मवर आधार नंबर चुकवण्यापेक्षा ते बरं.

तीन वस्त्या निवडा. प्रत्येकीत निदान तीनदा बघ्या म्हणून जा. मग एक ठरवा.

५. पार्ट ठरवा, मग तोंड उघडा

नवख्याला राजकुमार व्हायचं असतं, किंवा अंगावर व्रण असलेला, भूतकाळ विसरलेला, कुणाशी न बोलणारा योद्धा. असे योद्धे प्रत्येक वस्तीत डझनभर असतात आणि कुणाशीच बोलत नसल्यामुळे एकेकटे उभे असतात.

असा पार्ट घ्या की ज्याच्याकडे लोकांना कामासाठी यावंच लागेल. खानावळवाला, पत्र पोहोचवणारा, लोहार, वैदू. मी एका मध्ययुगीन बंदरावर नावाडी झालो. वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्यांना लहानपणापासून पाहिलेलं. बांबू कुठे टेकवतात, पूर ओसरताना काठाशी गाळ कसा धरतो, उतारू पाय कुठे चुकीचा ठेवतो आणि डोंगा कसा कलतो, हे मला माहीत होतं. इंग्रजी माझं फॉर्म भरण्यापुरतं. पण जे माहीत आहे ते साध्या वाक्यात लिहिता येतं, आणि लोकांना तेच आवडतं. तुम्ही धानाच्या बांधीत राबला असाल तर शेतकरी व्हा. कुणालाच खरा शेतकरी करता येत नाही तिथे.

आता बोलायचं कसं. टाइप करताना ओळीच्या सुरुवातीला तिरकी रेघ आणि तिला चिकटून इंग्रजी 'एम-ई' टाकलं की पुढचं वाक्य तुमच्या पात्राची कृती म्हणून दिसतं. पुढे लिहायचं, 'दोर खांबाला दोन वेढे देतो आणि पाण्याच्या रंगाकडे बघतो.' वाचणाऱ्याला तुमच्या पात्राच्या नावापुढे हेच वाक्य दिसतं. लिहायचं इंग्रजीत आणि तृतीय पुरुषात. लांबड लावू नका, दोन-तीन वाक्यं पुरेत. सुरुवातीला मी नेहमीच्या कृतींची पंधरा-वीस वाक्यं वहीत लिहून ठेवली होती.

पात्र म्हणून बोलणं म्हणजे आयसी. स्वतः म्हणून बोलणं म्हणजे ओओसी, आणि ते दुहेरी कंसात लिहायचं. 'लाइन गेली होती, माफ करा' हे दुहेरी कंसात. नाहीतर तेराव्या शतकातला नावाडी लोडशेडिंगबद्दल बोलतो.

दोन गुन्हे असे आहेत की त्यांनी माणूस वस्तीतून बाहेर जातो.

पहिला गॉडमोडिंग. 'मी तलवार चालवली आणि तुझा हात तुटला' असं लिहायचं नाही. 'हाताच्या रोखानं तलवार चालवतो' एवढं लिहून थांबायचं. हात तुटला की वाचला हे समोरचा लिहील. नाटकात तलवारबाजी करताना सोबत्याला त्याची पाळी द्यावीच लागते, नाहीतर तो खरंच फटका देतो. मोठेबाबांच्या कपाळावर तशी एक खूण आहे.

दुसरा मेटागेमिंग. समोरच्याच्या प्रोफाइलवर 'गुप्त राजपुत्र' असं वाचून तुमच्या पात्रानं त्याला मुजरा करायचा नाही. दुधात विष आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, नायकाला नसतं, आणि नायकानं तो पेला उचलायलाच हवा.

वस्तीत शिरायला बहुतेक ठिकाणी पात्राची माहिती लिहून द्यावी लागते. नाव, वय, कुठून आला, काय काम करतो. अर्धं पान पुरे. आईवडिलांचा खून झाला हे लिहू नका, ते प्रत्येकजण लिहितो.

६. पैसे आत न्यायचे

पार्ट ठरला, आता कार्ड बाहेर काढा.

तिथलं चलन लिंडन डॉलर. एका अमेरिकी डॉलरला साधारण अडीचशेच्या आसपास मिळतात. म्हणजे १०० लिंडन म्हणजे ढोबळ मानानं पस्तीसेक रुपये. वस्तू घेताना मनात हा हिशेब कराच, कारण '३९९' हा आकडा पाहून माणूस रुपयांतच विचार करतो आणि कधी फार महाग, कधी फार स्वस्त समजतो.

यूपीआयनं पैसे भरायची सोय मला तिथे दिसली नाही. जनधन खात्यावर मिळालेलं साधं रुपे कार्डही चाललं नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागेल. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १६ मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात. चालू करताना मर्यादा हजार रुपयांवर ठेवा आणि काम झालं की परत बंद करा. परदेशी व्यापारी ओटीपी मागेलच असं नाही, म्हणून ही काळजी.

बँक वर परकीय चलनाचे दोन-साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेते. लिंडन घेतानाही दर वेळी फी लागते. म्हणून पन्नास-पन्नास रुपयांचे तुकडे करू नका. महिन्याची रक्कम ठरवा आणि एकदाच घ्या. नव्या खात्याला किती घेता येतील यावर सुरुवातीला मर्यादा असते, घाबरू नका. मी महिन्याला पाचशे रुपयांच्या वर जात नाही. वहीत तारीख आणि रक्कम लिहितो.

प्रीमियम सदस्यत्व आत्ताच नको. दर महिन्याला आपोआप पैसे कापायला आपल्याकडच्या कार्डांवर वेगळी मंजुरी लागते, आणि ती अडकली की सदस्यत्वही लटकतं.

७. खरेदी

इथे जरा थांबून वाचा, सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

शरीर आधी. सेकंड लाइफमध्ये शरीरही विकत मिळतं. नावाजलेली शरीरं दोन ते पाच हजार लिंडनना पडतात, डोकं वेगळं. आणि कपडे त्या त्या शरीराच्या मापानं शिवलेले असतात. जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नावं असतात: बायकांसाठी लारा, लेगसी, रिबॉर्न, पुरुषांसाठी जेक, जियानी, लेगसी. तुमच्या शरीराचं नाव त्यात नसेल तर फोटो कितीही सुंदर असो, पुढे चला. माझे नावाड्याचे कपडे जेकचे होते आणि मी होतो सुरुवातीच्या फुकटच्या शरीरात. खोका उघडल्यावर कोपरं बाहीतून बाहेर आणि पोट बंडीच्या बाहेर.

घाई नको. २०२३ पासून नवख्यांना सेन्रा नावाची बरी शरीरं फुकट मिळतात. दोन-तीन महिने त्यावर निघतात.

डेमो घ्याच. जवळपास प्रत्येक चांगल्या दुकानात डेमो असतो, शून्य किंवा एक लिंडनला. त्यावर 'डेमो' अशी पाटी तरंगत असते, पण बसतं की नाही ते कळतं. डेमो नसलेल्या दुकानातून कपडे घेऊ नका. परतावा तुम्हाला कुणी देत नाही. विकणारा भला असेल तर वेगळी गोष्ट, कंपनी मात्र दोघांच्या व्यवहारात सहसा पडत नाही.

तीन परवानग्या वाचा. प्रत्येक वस्तूवर लिहिलेलं असतं: कॉपी, मॉडिफाय, ट्रान्सफर. कॉपी असेल तर हव्या तितक्या प्रती काढता येतात. मॉडिफाय असेल तर लांबी-रंग बदलता येतो. ट्रान्सफर असेल तर दुसऱ्याला देता किंवा विकता येते. बहुतेक वेळा कॉपी आणि ट्रान्सफर यांपैकी एकच मिळतं. स्वतःसाठी घेताना कॉपी बघा, भेट द्यायची तर ट्रान्सफर. मी डोंगा घेतला तो कॉपी नसलेला. धक्क्यावर मांडला, लाइन गेली, परत आलो तर डोंगा गायब. तीन दिवसांनी 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सापडला. कॉपीवाला असता तर दुसरा काढला असता.

कुठे घ्यायचं. दोन बाजार आहेत. एक मार्केटप्लेस, म्हणजे वेबसाइट. ती मोबाईलच्या ब्राउझरवरही चालते. एसटीत बसून भाव बघा, किंमत कमीकडून जास्तकडे लावा, तारे आणि लोकांची मतं वाचा. वस्तू तुमच्या सामानातल्या 'रिसीव्ह्ड आयटम्स'मध्ये येऊन पडते. डेटा वाचवायचा तर हाच मार्ग. धोतर शोधलं तर मिळतं, पण बघून मोठेबाबा हसले. नेसलेलं नाही, शिवलेलं होतं.

दुसरा बाजार आतला, खऱ्या दुकानांचा. तिथे फिरायची मजा वेगळी, आणि वस्तू सगळ्या बाजूंनी बघता येते. ठराविक मुदतीचे मोठे सेल असतात, पन्नास-साठ दुकानं एका छताखाली. पहिल्या दोन दिवशी तिथे शिरूच नका, पाय उचलत नाही इतकी गर्दी असते. आठवड्यानं जा. तेव्हाही लांब उभे राहा आणि आल्ट-माउसनं कॅमेरा आत घालून बघा. दर शुक्रवारी काही दुकानं 'फिफ्टी लिंडन फ्रायडे' म्हणून एखादी वस्तू पन्नास लिंडनला ठेवतात. ग्रुपमध्ये सामील झालं की फुकट भेटी मिळतात, पण काही ग्रुपना प्रवेश फी असते. सामील होण्याआधी तो आकडा बघा.

उघडायचं कसं. खोका सामानातून अंगावर घ्या आणि त्यावर क्लिक करा. बहुतेक खोके आपोआप उघडतात आणि फोल्डर तयार होतो. जुने खोके मात्र जमिनीवर मांडून उघडावे लागतात. त्यासाठी 'सँडबॉक्स' नावाच्या मोकळ्या जागा आहेत, कुणाच्या अंगणात मांडू नका. मग खोका अंगावरून काढा. हे सांगायची गरज नाही असं मलाही वाटायचं.

कपडे घालताना 'वेअर' आणि 'अ‍ॅड' असे दोन पर्याय दिसतील. 'वेअर' केलं की त्या जागेवरचं आधीचं निघून जातं. 'अ‍ॅड' केलं की दोन्ही राहतात. भरल्या बाजारात टोपी 'वेअर' केली आणि केस गेले, इतक्यावर भागलं तर नशीब.

लाइन गेली तर. पैसे दिले आणि वस्तू येण्याआधी अंधार झाला, तर परत पैसे देऊ नका. मी दिले, दोनदा. वेबसाइटवर आपल्या खात्याच्या पानावर व्यवहारांची यादी असते. तिथे पैसे गेलेले दिसतात का बघा. गेले असतील तर दुकानात 'रीडिलिव्हरी'चा फलक शोधा, त्यावर क्लिक केलं की घेतलेली वस्तू परत येते. फलक नसेल तर दुकानदाराला नोटकार्ड पाठवा. त्यात तारीख, वस्तूचं नाव आणि तुमचं युजरनेम लिहा. नुसते मेसेज साचून हरवतात.

नावाड्याला शेवटी लागलं काय? एक बंडी, एक विजार, बांबू, डोंगा. सगळे मिळून ६४० लिंडन. त्याआधी चुकीच्या वस्तूंवर गेलेले अडीच हजार वेगळे.

८. फसवणुकीच्या जागा

एखादी वस्तू किंवा फलक तुमच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी मागेल. पिवळसर चेतावणी येते. खरेदी करताना अशी परवानगी कधीच लागत नाही. नाही म्हणा. ही परवानगी दिली की सगळी शिल्लक एका झटक्यात जाऊ शकते.

मित्राच्या नावानं मेसेज येतो, 'ही वस्तू बघ, मार्केटप्लेसवर फुकट आहे,' सोबत लिंक. लिंकमधलं नाव जवळजवळ तसंच असतं, एखादं अक्षर वेगळं. तिथे पासवर्ड टाकला की खातं गेलं. मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं, म्हणून तर तो मेसेज.

मैत्री जोडल्यावर समोरच्याला तुमच्या वस्तू हाताळायचा किंवा नकाशावर तुम्हाला शोधायचा अधिकार देता येतो. दोन्ही बंद ठेवा.

आणि बायका-मुलींसाठी: बाईचं पात्र दिसलं की खाजगी मेसेज येतात, इथेही. ब्लॉक करा, उत्तर देऊ नका, वस्तीच्या व्यवस्थापकाला कळवा. आवाज चालू करायची सक्ती कुठेच मान्य करू नका. फोटो, फोन नंबर, गाव, काही नाही. 'तू खरी बाई आहेस हे सिद्ध कर' म्हणणाऱ्यापाशी एक मिनिटही थांबू नका. हे पुरुषांनीही वाचावं, कारण मेसेज करणारे तेच असतात.

९. जागा भाड्यानं घ्यायची का?

पहिलं वर्ष नको. १०२४ चौरस मीटर म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत दहा आर. ऐकायला बरं वाटतं, पण भाडं बहुतेक आठवड्याचं असतं आणि चुकलं की घर उचलून सामानात परत टाकतात. वस्तीत तुमच्या पार्टला जागा लागत असेल तर आधी व्यवस्थापकाला विचारा. मला धक्क्यावरची खोली फुकट मिळाली, कारण बंदराला नावाडी हवा होता.

१०. सुट्टी सांगून घ्या

न सांगता गायब झालात तर तुमच्याशी जोडलेल्या चार जणांच्या कथा लटकतात. ग्रुपमध्ये एक नोटीस टाका, किती दिवस नाही ते सांगा, आणि जमलं तर पात्रालाही निमित्त द्या. रोवणा सुरू झाला की मी तीन आठवडे जात नाही. बाहेरची बांधी आमची सगळ्यात खोलगट, तिथे मजूर मिळाले नाहीत तर घरच्यांनाच उतरावं लागतं. गेल्या जुलैत मी दुहेरी कंसात लिहिलं, 'धान लावायला जातो आहे, तीन आठवडे.' मग पात्राच्या तोंडून सांगितलं की नदीला पूर आहे, डोंगा उलटा करून ठेवला आहे.

परत आलो तेव्हा धक्क्यावर सहा उतारू थांबले होते. त्यातल्या एकानं दुहेरी कंसात विचारलं, धान म्हणजे नक्की कसं लावतात. सकाळचे साडेनऊ वाजले होते, दुकान उघडायला अर्धा तास होता. मी कंस उघडला आणि टाइप करायला लागलो.